स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर काखेतल्या गाठी : अंदाजावर ऑपरेशन टाळायचं?

पंचवटीकर : 'केमोनंतर सोनोग्राफीत गाठी दिसत नाहीत, कॉम्प्युटरही आधीच अंदाज सांगतो, तरी डॉक्टर मुद्दाम काख कापतात', ही सकाळची पोस्ट वाचून डोकं फिरलं. सोनोग्राफीत गाठीचा आकार दिसतो, आत उरलेल्या पेशी नाहीत. स्तनाच्या कॅन्सरच्या हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह या प्रकारांत गाठी बऱ्याचदा पूर्ण साफ होतात, हार्मोन पॉझिटिव्हमध्ये फार कमी. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे.

सातपूरकर : पोस्ट माझीच. बहिणीच्या काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या, रिपोर्टमध्ये एकीतही कॅन्सर नाही. हात मात्र सुजला तो सुजलाच. बांगडी चढत नाही, ब्लाउजची एक बाही सैल शिवावी लागते. आधी अंदाज घेतला असता तर काय बिघडलं असतं?

पंचवटीकर : सगळ्या काढा असं मी कुठे म्हटलं? सेंटिनल गाठी, म्हणजे कॅन्सर काखेत सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या मोजक्या गाठी, तेवढ्याच काढून तपासा. २०१३च्या झेड १०७१ अभ्यासात केमोनंतरही काखेत आजार उरलेल्यांपैकी १२.६ टक्के जणींच्या सेंटिनल निगेटिव्ह आल्या, म्हणजे आजार असून सुटला. तीन किंवा जास्त सेंटिनल तपासल्या तिथे हेच प्रमाण ९.१ टक्के. केमोआधी पॉझिटिव्ह गाठीत क्लिप (खुणेचा बारीक धातूचा तुकडा) बसवून तीच गाठ काढली तर चूक आणखी घटते.

गंगापूर रोड : क्लिपचं नाव काढलंत म्हणून लिहिते. आईची केमो सुरू होताना हा शब्द कुणी उच्चारलाही नाही. मध्येच मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलो, तर पहिला प्रश्न, 'क्लिप टाकलीय का?' तोवर गाठ दिसेनाशी झालेली. आता कोणती शोधणार?

सातपूरकर : आणि क्लिपचे पैसे? सुरगाण्याहून येणारी बाई एसटीचं भाडं कसंबसं जमवते.

गंगापूर रोड : म्हणून तिला सांगायचंच नाही? न सांगण्याची पद्धत पडलीय, त्याला गरिबीचं पांघरूण घालू नका!

सातपूरकर : ताई, आवाज चढवू नका. बहिणीचा हात रोज मी बांधतो.

पंचवटीकर : दादा, तुमचं दुखणं खोटं कोण म्हणतंय? पण तुमची पोस्ट वाचून एखादी ऑपरेशनच टाळेल, त्याचं काय? अंदाजाचा उपयोग आहे, सेंटिनलवर भागेल का हे ठरवताना. काख न तपासताच सोडायला नाही.

सातपूरकर : बरं, 'मुद्दाम' हा शब्द काढतो. बाकी पोस्ट राहील. सहीच्या कागदावर 'हातास सूज येऊ शकते' एवढी एकच ओळ होती, आणि तीही सही झाल्यावर वाचायला मिळाली.

गंगापूर रोड : ती ओळ राहू द्याच. खाली एवढं जोडा : केमोच्या पहिल्या सलाइनआधी क्लिपबद्दल विचारा.