पॅराथायरॉइडच्या पेशींवर सीडी४: खरं की आभास?

प्रश्न: शस्त्रक्रियेत काढलेल्या पॅराथायरॉइडच्या (गळ्यातली, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी) छेदांत सीडी४ चा (मुख्यतः टी-पेशींवर दिसणारं पृष्ठभागाचं प्रथिन) रंग थेट ग्रंथीपेशींवरही दिसतोय. तो खरा कसा ठरवायचा? पीटीएचच्या (या ग्रंथीचं संप्रेरक) स्रावाशी त्याचा संबंध कसा तपासायचा?

उत्तर १: आधी रंगाची शंका फेडा. ऑक्सिफिल पेशी (याच ग्रंथीतला एक पेशीप्रकार) मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. त्यांतलं बायोटिन रंगवण्यासाठी वापरलेल्या स्ट्रेप्टाव्हिडिनला धरून खोटा रंग देतं. बायोटिनविरहित पॉलिमर पद्धत घ्या. त्याच छेदावर पीटीएच (ग्रंथीपेशींची खूण) आणि सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) असा दुहेरी रंग करा. फक्त सीडी३ (टी-पेशींची खूण) पुरत नाही, कारण मॅक्रोफेजवरही (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी४ असतं.

उत्तर २: स्रावासाठी पेशी कोलॅजिनेज आणि डीएनेजने सुट्या करा. ट्रिप्सिन नकोच, पृष्ठभागावरची प्रथिनं छाटली जातात. मग त्यांना सीडी४ विरुद्धची अँटिबॉडी देऊन पीटीएचचा स्राव बदलतो का ते पाहा. आयनिक कॅल्शियम लिटरमागे ०.५ ते ३.० मिलिमोल ठेवा. ०.५ ला स्राव जास्त, ३.० ला कमी, हा उतार मिळाला नाही तर पुढचे आकडे वाचूच नका. अँटिबॉडीतलं सोडियम अझाइड डायलिसिसने काढा. ते पेशीची श्वसनसाखळी अडवतं आणि घटलेला पीटीएच अँटिबॉडीचा परिणाम वाटतो. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण सीडी४ ला न चिकटणारी अँटिबॉडी) हवाच.

प्रश्नकर्ता: अडेनोमाच्या (ग्रंथीची सौम्य गाठ) पेशी चालतील?

उत्तर २: चालतील, पण त्यांचा सेट पॉइंट (ज्या कॅल्शियमला स्राव निम्म्यावर येतो तो) बहुधा उजवीकडे, म्हणजे जास्त कॅल्शियमकडे, सरकलेला असतो. तुलना त्याच गाठीच्या कंट्रोल पेशींशी करा.