रोजची उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं) नुसती यादी होऊन बसते, काय करावं?

ऐरोलीकर:
झोपण्यापूर्वी वहीत तीन उपकार लिहायचं ठरवलंय. आठवड्याभरातच 'घर, नोकरी, मुलं' फिरून फिरून येतं. पेंगत लिहिणं होतं. आणि वाईट दिवशी 'प्रभू, धन्यवाद' खोटंच वाटतं.

कोळीवाडा_ठाणे:
'मुलं' ही नोंद नाही, मथळा झाला. कोण, केव्हा, काय केलं ते लिहा. 'गर्दीत बसलेल्या बाईंनी न मागता बॅग मांडीवर घेतली. प्रभू, हे तू दिलंस.' शेवटचं वाक्य गाळलं तर ती रोजनिशी. उपकारस्तुती कुणाला तरी उद्देशून असते. तीनचा हट्टही नको, अशी एक पुरे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेत पाच टप्पे आहेत: उपकार आठवणं, पापं दिसावीत म्हणून कृपा मागणं, उठल्यापासूनचा तासातासाचा हिशेब, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. उपकार पहिले! आपण चुकांपासून सुरू करतो, मग आभारापर्यंत पोचेतो डोळे मिटतात.

तुर्भे_लोकल:
रात्र सोडाच. परतीच्या ट्रान्सहार्बर लोकलला तुर्भे ते घणसोली फोन खिशात ठेवा आणि सकाळपासूनचा दिवस मनात फिरवा. उभ्यानेही जमतं. घरी पोचल्यावर चहा ठेवण्याआधी एक ओळ वहीत.

वाशी_उपासना:
वाईट दिवसाबद्दल. बायबलमधलं 1 थेस्सलनीका 5:18 म्हणतं 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा'. स्थिती*त*, स्थिती*बद्दल* नव्हे. (इफिस 5:20 'सर्व गोष्टींबद्दल' म्हणतं हे मान्य, पण म्हणून तक्रार गिळायची असं नाही.) स्तोत्र 13 'कोठवर?' या गाऱ्हाण्याने सुरू होतं आणि सहाव्या ओवीत गाण्यावर येतं. तसंच करा: आधी गाऱ्हाणं, सरळ शब्दांत, मग जमलं तर उपकार. नाही जमलं तर नाही. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे.

एक खोड मात्र टाळा: 'शेजाऱ्यापेक्षा आपलं बरं' असले आभार. लूक 18 मधला परूशीही (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) देवाचे आभारच मानत होता, 'मी इतरांसारखा नाही' म्हणून.

ऐरोलीकर:
ऑफिस ठाण्यात आहे. परतताना ऐरोलीपर्यंत मध्ये एकच स्टेशन, दिघा गाव.

तुर्भे_लोकल:
मग एकच नोंद. दार सोडून आत उभे राहा म्हणजे झालं.