जर्मन घरातलं रात्रीचं गार जेवण
रात्री जेवायला बोलावून पुढ्यात नुसता पाव, चीज आणि काकडीचं लोणचं ठेवलं, म्हणजे जर्मन लोकांना पाहुण्याचं अगत्य नाही, असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. त्या जेवणाचं नावच 'आबेंटब्रोट', म्हणजे संध्याकाळचा पाव. पुष्कळ घरांत गरम जेवण दुपारीच उरकलेलं असतं. तेव्हा पाहुण्याला हेच जेवण दिलं, म्हणजे त्यांनी त्याला घरचं माणूस समजूनच वाढलं.

आणि त्या पावाला 'नुसता' म्हणू नका हो. तिथल्या पाव-संस्कृतीची २०१४ साली जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या (म्हणजे परंपरा, कला, कौशल्यं यांच्या) राष्ट्रीय यादीत नोंद झाली आहे. आता रायचा पाव घ्या. राय हे गव्हाच्याच जातीतलं एक धान्य. त्याच्या पिठाला गव्हासारखी ताण नसते, शिवाय त्यातली विकरं (एन्झाइम) स्टार्च मोडून पाव आतून गिचका करतात. आंबवणाची आंबटाई त्यांना आवर घालते, म्हणून तो पाव आंबवूनच करतात आणि तो कितीतरी दिवस टिकतो. सुरुवातीला मी तो आणल्या आणल्या कापायचे आणि चिकट लागतो म्हणून बाजूला सारायचे. शेजारच्या आजींनी सांगितलं, एक रात्र फडक्यात गुंडाळून ठेव. दुसऱ्या दिवशी पातळ काप काढून लोणी लावलं, तेव्हा कुठे त्याची खरी चव कळली.