मदत हवी आहे: पितळेने जोडलेल्या बिडाच्या तड्यावर वेल्डिंग

नमस्कार मंडळी,

गिरगावात आमचा छोटा छापखाना आहे. मंडळांच्या वर्गणी पावत्यांचं नंबरिंग मी अजून बाबांच्या ट्रेडल मशीनवरच (पायाने चालवायचं जुनं छपाई यंत्र) करते. मशीनच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्रॅकेटला पूर्वी तडा गेला होता. बाबांनी तो गॅसवर पितळेची सळी आणि टाकणखार वापरून जोडून घेतला, आणि तो जोड वीस वर्षं टिकला. आता गणपतीच्या तोंडावर त्याच जोडाला लागून नवा तडा दिसतोय.

जवळच्या वेल्डरने जुन्या पितळेवरूनच आर्क (विजेचं वेल्डिंग) मारली. पांढरा धूर निघाला, भरलेला धातू सगळा भोकाभोकांचा झाला. गार होताना टिक असा आवाज आला आणि बाजूला केसाएवढी रेघ उमटली. मी काम तिथेच थांबवलं.

तडा साधारण ७० मिमी, जाडी १८ मिमी. पितळ घासून निकेलच्या रॉडने वेल्डिंग करावं, की पुन्हा पितळच भरावं? सुटा भाग कुठेच मिळत नाही. हे मशीन मला भंगारात द्यायचं नाही.

प्रतिसाद

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. पितळेतलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, आर्क तर त्याच्या कितीतरी पट गरम. धूर आणि भोकं त्याचीच. शिवाय पितळेतलं वितळलेलं तांबं तापलेल्या लोखंडाच्या कणांमध्ये शिरतं आणि तिथे चीर पडते. वरून कितीही चांगला रॉड मारा, खाली पितळ उरलं तर हेच होणार. आणि आत मुरलेलं पितळ पूर्ण काढणं कठीण असतं.

म्हणून माझं मत, पुन्हा पितळच भरा. बीड साधारण ११५० अंशांच्या पुढे वितळतं, पितळेचं काम ९००च्या आसपास होतं, म्हणजे मूळ भाग वितळतच नाही. आधी आर्कचा सगळा भराव काढा. डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणारा रंगीत द्रव) तड्याची टोकं शोधा, तिथे ३ मिमीचं भोक पाडा, मग व्ही खाच करा. शेवटचा हात कानशीने फिरवा, ग्राइंडरच्या चाकाने बिडातलं ग्रॅफाइट पृष्ठभागावर फासलं जातं आणि पितळ धरत नाही. शाई-तेल मुरलेलं असेल तर आधी तापवून जाळून टाका. पूर्ण ब्रॅकेट सावकाश गरम करायला सांगा आणि नंतर कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर गार होऊ द्या. पाणी अजिबात नको. काम उघड्यावर करा, जस्ताच्या धुराने ताप भरतो.

तडा बेअरिंगच्या भोकापर्यंत गेलाय का, तेवढं बघून सांगा. गेला असेल तर जोडल्यावर भोक पुन्हा बोअर करावं लागेल.