उरलेला स्क्रू

गेल्या महिन्यात पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ६०८ क्रमांकाच्या फळीपुढे उभी होते. ६०८ म्हणजे शोध आणि पेटंट. हाताला आलेल्या पुस्तकात पाण्याच्या पंपाची आकृती होती आणि तिच्यावर ग्रीसचा अख्खा अंगठा उमटलेला. पुस्तक कुठल्यातरी गॅरेजात जाऊन आलेलं, हे उघड होतं. हे ग्रंथालय १८३२ सालचं. तेव्हापासून किती पुस्तकं अशी कामाला लागून परत आली असतील, कोण जाणे.

म्हणून हा धागा. आवडत्या पुस्तकांच्या याद्या नकोत, त्या खूप झाल्या. वाचनालयातून शोधांचं, प्रयोगांचं, खटपटीचं पुस्तक घरी आणल्यावर तुमच्या हातून काय घडलं ते लिहा. काय उघडलं, काय जळलं, कोण ओरडलं. आणि परत जोडताना किती स्क्रू उरले, तेही प्रामाणिकपणे सांगा.

सुरुवात माझ्यापासून. आजोबांचं गजराचं घड्याळ, उरलेले स्क्रू दोन. घड्याळ चालू झालं, गजर कायमचा गेला. आजी माझ्यावर खूश.

फोंड्याहून

सहावीत असताना वाड्यावरच्या वाचनालयातून अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचं पुस्तक आणलं होतं. त्यात विजेची मोटर होती. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, चुंबक आणि लेप दिलेली तांब्याची तार. चुंबक फुटक्या स्पीकरमधून काढला. तारेसाठी पंखे वाइंडिंग करणाऱ्याकडे गेलो. "कित्याक जाय रे तुका?" (कशाला हवी रे तुला?) म्हणाला आणि दोन हात तार फुकट दिली.

सेलभोवती दहा वेढे घालून वेटोळं केलं आणि दोन्ही टोकं ब्लेडने लख्ख खरवडली. वेटोळं एकदा थरथरलं आणि अडकून राहिलं. बोटाने ढकललं की अर्धा हेलकावा, पुन्हा ठप्प. तीन दिवस हेच. सेल तापून बदलावा लागला, त्याचे पैसे आईच्या डब्यातून. चौथ्या दिवशी पुस्तक नीट वाचलं : एक टोक पूर्ण खरवडा, दुसऱ्या टोकाची फक्त वरची बाजू. म्हणजे निम्मा लेप मुद्दाम ठेवायचा होता! अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच मागे ओढतो. त्या नेमक्या वेळेला लेप वीज तोडतो आणि वेटोळं आधीच्या वेगावर पुढे निघून जातं.

हे सांगायला वाइंडिंगवाल्याकडे धावत गेलो. त्याने मिक्सरची मोटर उघडली, तांब्याच्या पट्ट्यांचं ते नळकांडं पुढे केलं, म्हणाला, "हांगा पळय." इथे बघ. कम्युटेटर. तो वीज नुसती तोडत नाही, वेळ साधून उलटीच करतो, त्यामुळे दुसरी अर्धी फेरीही वाया जात नाही. पुढे आयटीआयला हेच दोन तासिका शिकवलं. मी दोन्ही तासिका खिडकीबाहेर बघत काढल्या.

म्हापशाहून

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तेव्हा मला झेरॉक्सचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसनबद्दल बोलायचा हक्क आहे असं मी मानते. एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणारा माणूस, नकला काढून-काढून वैतागलेला. म्हणून संध्याकाळी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचायचा. प्रकाश पडला की वीज वाहू देणारे काही पदार्थ असतात, हे त्याला तिथल्या पुस्तकांत सापडलं. २२ ऑक्टोबर १९३८ ला, मदतनिसाला घेऊन, गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्याने कापडाने घासून भारित केला, काचेवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहिलं, वरून दिवा धरला, पत्र्यावर एका वनस्पतीची बारीक पूड भुरभुरवली आणि फुंकर मारली. अक्षरं राहिली, बाकी पूड उडाली. मग मेणकागद दाबून ती उचलून घेतली.

हे वाचलं त्या रात्री मी टाल्कम पावडर आणि फुगा घेऊन बसले. फुगा ओढणीवर घासला, त्यावर बोटाने 'अ' ओढला आणि पावडर उडवली. 'अ' काही उमटला नाही, सगळा फुगाच पांढरा. पण दुसऱ्या दिवशी टोनर सांडला तेव्हा पहिल्यांदा शिव्या न घालता त्याच्याकडे बघितलं. पावसाळ्यात प्रती फिक्या का येतात, तेही कळलं. दमट हवेत भार टिकत नाही. आता जूनपासून कागदाची रीम दिव्याजवळच्या कपाटात ठेवते.

चोडणहून

वय एकाहत्तर, टंकलेखन नातीचं. आमची खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली. बांधात मानस असते, लाकडी दारांची. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती चढली की नदीचं खारं पाणी तेच दार दाबून बंद करतं. तिथे माणूस लागतो तो मासळीच्या जाळ्यासाठी.

देवळाच्या सभागृहात एका कपाटाचं वाचनालय होतं. त्यातल्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांच्या पुस्तकात विल्यम हार्वे होता. रक्त शरीरात फिरून परत हृदयात येतं, हे त्याने १६२८ मध्ये छापलं. सोबत आवळून बांधलेल्या हाताचं चित्र. मला ते करून बघायचं होतं आणि आजोबांइतक्या फुगलेल्या शिरा घरात कोणाच्याच नव्हत्या. जेवण झाल्यावर त्यांच्या कोपराच्या वर पंचा बांधला. शिरा दोरीसारख्या वर आल्या, मध्ये-मध्ये गाठी. मनगटाकडे एक बोट दाबून ठेवलं, दुसऱ्या बोटाने रक्त वर गाठीपलीकडे सारलं. मधली शीर रिकामी, सपाट. वरून रक्त परत खाली येईना. खालचं बोट उचललं तसं खालून भरून आली.

आजोबांनी हे तीनदा करायला लावलं. मग म्हणाले, "ही तर आपली मानस." आणि पंचा सोडून बांधावर निघून गेले. गंमत म्हणजे शिरांमध्ये झडपा असतात हे हार्वेच्या गुरूंना, फॅब्रिशियसना, आधीच माहीत होतं. दार त्यांनी पाहिलं होतं, पण ते पाणी एकाच दिशेला का जाऊ देतं, ते हार्वेने विचारलं. आमच्या वाड्यावर ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त हाताला पंचा कोणी बांधला नव्हता. स्क्रू एकही नाही, मानशीला खिळे असतात.

पेडण्याहून

माझा अनुभव गोड नाही. शाळेच्या वाचनालयात विज्ञानाचं कपाट काचेचं होतं आणि कुलपात. मुलगे मागायचे तर किल्ली निघायची. मी मागितली तर मला पाककृती आणि विणकामाचं पुस्तक दिलं गेलं. शेवटी चुलतभावाच्या कार्डावर आणून वाचलं. इस्त्रीची वायर बदलायला त्यातूनच शिकले. आज आमच्या वाड्यावर कोणाचा मिक्सर बंद पडला की माझ्याकडे येतो, चुलतभावाचासुद्धा.

मडगावहून

मुलांच्या या पुस्तकांत शोध म्हणजे कायम परदेशी, दाढीवाला, एकटाच. विजेच्या दिव्याच्या पानावर एडिसन असतो. इंग्लंडच्या जोसेफ स्वानने तोच उद्योग स्वतंत्रपणे केला होता आणि पुढे दोघांनी मिळून कंपनी काढली, हे नसतं. आपले शंकर आबाजी भिसे तर शोधूनही सापडत नाहीत. छपाईचे खिळे ओतायच्या यंत्रासाठी विलायतेपर्यंत नाव झालेला मुंबईचा माणूस!

आणि गोव्याचं काय? १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात आला. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक इथेच छापलं गेलं. संवादाच्या रूपात आहे आणि इथल्या वैद्यांची माहितीही त्यात येते. छपाईच्या चुकांसाठीही ते प्रसिद्ध आहे, त्यामुळे मला जरा आपलंच वाटतं.

फोंड्याहून (पुन्हा)

मडगावकर, भिशांबद्दल शंभर टक्के. पण एडिसनला फार झोडपू नका, आमचं लहानपण त्याच्यावर गेलं.

डिचोलीहून

मी पुस्तकं बांधतो. दोन-तीन वाचनालयांची जुनी पुस्तकं माझ्याकडे येतात. कादंबरी सुरुवातीला आणि शेवटी फाटते. धार्मिक ग्रंथाचे कोपरे झिजतात. प्रयोगांची पुस्तकं मात्र एकाच पानावर पाठीत मोडतात, कारण ते पान उघडं ठेवून वर काहीतरी वजन ठेवलेलं असतं. पाटा, बत्ता, एकदा तर नारळ असावा, कारण शेंडीचे धागे शिवणीत अडकलेले होते. मोडलेलं पान बघून कळतं : पेरिस्कोप, पतंग, आगपेटीचा टेलिफोन. आमच्या भागात पेरिस्कोप सगळ्यांच्या पुढे.

पावसाळ्यात बुरशी येते म्हणून खळीत मोरचूद घालतो. जुना दोरा कापून पानांचे जुडगे सुटे करतो, तेव्हा नाइलाजाने वाचन होतं. असंच विजेवर संशोधन करणाऱ्या मायकेल फॅरडेचं कळलं. चौदाव्या वर्षी लंडनच्या एका बाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेल्या ज्ञानकोशातला विजेवरचा लेख वाचत बसला. पुढे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतः बांधून डेव्हींना पाठवली आणि १८१३ मध्ये त्यांच्याकडे नोकरीला लागला. मालक चांगला असला पाहिजे. माझ्या पोराला मी कामाच्या वेळी वाचू देत नाही, त्याची आई देते.

वाळपईहून

प्राथमिक शाळेत शिकवते. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर पुस्तकातले सांगाडे करतो आम्ही. चौकोन बोट लावताच कलंडतो, त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. एका पोराने वर बघितलं आणि कौलांखालच्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, मोजायला लागला. बाराव्या कैचीत एक आडवी पट्टी गायब आहे, असं त्याने मला सांगितलं. मी वर बघितलं. खरंच नव्हती.

ताई, तुम्ही उरलेले स्क्रू विचारलेत. आमच्याकडे एक कमी पडतोय. पंचायतीला कळवलं आहे.