मदत हवी आहे: पत्रकारितेला जळगाव की पुणे? लवकर सांगा

शिरपूरची_पोर:
पदवी झाली. पत्रकारिताच करायची, ठरलंय. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (उमवि) करू की पुण्याला? पुढे चॅनलला नाहीतर मोठ्या पेपरात जायचंय. घरी रोज कटकट चालू आहे, फॉर्मची तारीख तोंडावर आलीय. 'मन लावून कर, कुठेही कर' असले सल्ले नकोत. एक नाव सांगा.

गिरणाकाठ:
पदवी कशात? मराठीतून लिहिणार की इंग्रजीतून? पुण्याचा खर्च कोण करणार? काहीच न सांगता नाव कसं सांगायचं ताई?

फर्ग्युसन_रोड:
यात विचारायचं काय? रानडे इन्स्टिट्यूट. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, प्रवेश परीक्षा असते, आजच तयारीला लाग. तिथल्या ओळखी जन्मभर पुरतात. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं आज कुठल्या ना कुठल्या न्यूजरूममध्ये आहेत.

तालुका_वार्ताहर:
आले रानडेवाले. उरलेली निम्मी कुठे आहेत तेही सांगा की. मी चोपड्याकडे बातमीदारी करतो, डिग्री आजवर कोणी विचारली नाही. विचारतात ते वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट. मानधन पेट्रोलला पुरत नाही, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्याविरुद्ध बातमी द्यायची, हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात?

फर्ग्युसन_रोड:
जाहिराती गोळा करणं म्हणजे पत्रकारिता नव्हे.

तालुका_वार्ताहर:
एसीत बसून बोलायला काय जातं भाऊ. परवा आमच्या डेस्कने, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तपासणाऱ्यांनी, 'अडावद' गावाचं 'अडवाद' करून छापलं. फोन मला आले, डेस्कला नाही.

गिरणाकाठ:
पुणे पुणे काय लावलंय? 1990 ला उमवि निघालं ते कशासाठी? खान्देशातल्या पोरांनी प्रत्येक गोष्टीला पुण्याची गाडी पकडू नये म्हणूनच ना?

खान्देशी_भाऊ:
बहीन, डिग्री लिसन काय करशी? अहिरानीमा यूट्यूब चॅनल काढ.

शिरपूरची_पोर:
भांडणं नंतर करा हो. बीएस्सी ॲग्री झालंय. मराठीतूनच लिहिणार. घरची केळी आहे. वडील म्हणतात, कृषी सेवा केंद्र टाकून देतो, लायसन तुझ्या नावावर. मला ते करायचं नाही.

अधिकारी_होणारच:
ॲग्री आहे तर एमपीएससीची कृषी सेवा दे ना ताई! नाहीतर जिल्हा माहिती अधिकारी. त्याला पत्रकारितेची पदवी किंवा पदविका लागते, अनुभवही मागतात. नोट्स हव्या असतील तर सांग.

गिरणाकाठ:
तिने विचारलंय का हे?

जुना_उपसंपादक:
ॲग्री आहे हे आधी सांगायचं ना! मग प्रश्नच वेगळा होतो. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा रावेर-यावलच्या बातम्या माझ्या टेबलावरून जायच्या. 'केळीवर अज्ञात रोगाचे थैमान, शेतकरी हवालदिल.' अज्ञात कसला? मोझॅक, मावा कीड पसरवते, लागलेलं झाड उपटून टाकावं लागतं. पण एवढं नीट लिहिणारं कोणी मिळायचं नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान किती दिवस किती राहिलं की भरपाई मिळते, ते निकष वाचून सोपं करून सांगणारं तर त्याहून नाही. तू ते करू शकतेस.

कोर्सचं म्हणशील तर उमवि कर. पुण्यात नुसत्या खोली आणि मेसवर जे जाईल, त्याचा हिशोब वडिलांसमोर मांडून बघ. कॅम्पस बांभोरीला आहे, शहरात दैनिकांच्या आवृत्त्या आहेत, शिकता शिकता इंटर्नशिप होते. आकाशवाणीचं जळगाव केंद्र आहे, शेतीच्या कार्यक्रमासाठी तिथेही विचार. चॅनलचाच हट्ट असेल तर मात्र पुणे-मुंबई, त्याला इलाज नाही. अमरावतीला आयआयएमसीचा (भारतीय जनसंचार संस्थेचा) मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे, तो इथे कोणाच्या तोंडात आला नाही याचं नवल वाटतं.

आणि कुठेही शिक, डेस्कच्या परीक्षेत पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी पुढ्यात टाकतात आणि मराठी बातमी करून मागतात. 'त्यांच्याद्वारे करण्यात आले' असलं लिहून पोरं तिथेच गळतात. रोज एक करत जा.

फर्ग्युसन_रोड:
हे सगळं रानडेतही शिकवतात.

शिरपूरची_पोर:
एक नाव मागितलं होतं, तुम्ही अख्खा नकाशा दिला काका. पण ते अज्ञात रोगाचं खरंय, आमच्याकडे वाचून हसतात. बरं, इंटर्नशिपचे पैसे मिळतात का?

तालुका_वार्ताहर:
चहा मिळतो.

जुना_उपसंपादक:
बहुतेक ठिकाणी नाही. त्याऐवजी बायलाइन, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव, मागून घे, लाजू नको. कात्रणं फाइलला लावून ठेव, नोकरीच्या वेळी गुणपत्रिकेआधी तीच बघतात.

रावेरचा_केळीवाला:
ताई, तुमची केळी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची)? आमच्या नवीन रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागलेत. फोटो टाकू का?