२००२ च्या यादीत दाबोळी हवीच

२००२ मधल्या विमान अपघातांची जी यादी इथे झाली, तीत जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ हवेत झालेल्या दोन विमानांच्या टकरीबद्दल लिहिलंय, की टक्कर टाळण्यासाठी विमानांत असलेली इशारा यंत्रणा बंद पडली होती. ते बरोबर नाही. दोन्ही विमानांत ती नीट चालली. रशियन वैमानिकांना यंत्रणा 'वर जा' सांगत होती आणि जमिनीवरचा नियंत्रक 'खाली या'. त्यांनी नियंत्रकाचं ऐकलं, आणि समोरचं मालवाहू विमान यंत्रणेचं ऐकून खालीच येत होतं. ७१ जण गेले.

पण २००२ ची एवढी यादी झाली तरी आपल्या गोव्यातल्या दाबोळी विमानतळाचं नाव कुणीच घेतलेलं नाही, याचं वाईट वाटलं. १ ऑक्टोबरला नौदलाच्या ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा रौप्यमहोत्सव होता. त्यासाठी जोडीने उडणारी दोन आयएल-३८ सागरी टेहळणी विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १२ नौसैनिक गेले, खाली जमिनीवरचीही माणसं गेली. आम्ही तेव्हा दाबोळीशेजारच्या वास्कोत राहत होतो. विमानांच्या आवाजाकडे वास्कोकर एरवी लक्षही देत नाहीत. त्या सकाळी मात्र सगळी आळी रस्त्यावर आली होती. शेजारच्या घरातला मुलगा नौदलात होता. त्याचा फोन येईपर्यंत त्याची आई दारातून हलली नाही. नौदलाकडे ही विमानं होतीच मुळात पाच, त्यातली दोन एका क्षणात गेली.